फुसका बार: थंडीतला डार्ट आणि हाताने भरलेलं काडतूस

माझा मावसभाऊ सिंदेवाहीला असतो. अकरावीत आहे. सध्या त्याच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ धो धो वाहतायत. घरच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने काडतुसं भरणारी माणसं. तराजूवर दारूचा एकेक दाणा मोजायचा, गोळी दाबून बसवायची आणि मग डिसेंबरात बर्फात जाऊन हरणावर नेम धरायचा. (दारू म्हणजे बंदुकीची. दुसरीवर गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे.) अशाच एका व्हिडिओत तो दाढीवाला गृहस्थ म्हणतो की उन्हाळ्यात अचूक बसणारी त्याची काडतुसं थंडीत खाली मारतात. भावाने लगेच मला व्हॉइस मेसेज टाकला: "ताई, काडतुसालेबी थंडी वाजते का?"

प्रश्न चांगला होता. मी भौतिकशास्त्रात पीएचडी करते, बारीक नळ्यांमधून द्रव कसे वाहतात यावर. बंदुकीशी माझा काही संबंध नाही. पण उत्तर शोधता शोधता मी आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात येऊन पोचले, आणि तिथे हा प्रश्न गमतीचा राहिला नाही.

आधी भावाचं उत्तर देते. हो, वाजते.

काडतुसात मुळात चारच गोष्टी असतात. पितळेची नळी, बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. आजची धूर न करणारी दारू 'फुटत' नाही, ती जळते. खूप वेगाने, पण जळतेच. प्रत्येक दाण्याचा पृष्ठभाग तापतो, पेटतो, गॅस सोडतो, त्या गॅसचा दाब वाढतो आणि दाब वाढला की जळणं आणखी वेग घेतं. आता दाणा मुळातच थंड असेल तर त्याला पेटायच्या तापमानापर्यंत न्यायला थोडी जास्त उष्णता लागते. ओली नसली तरी थंड काडी चुलीत जरा उशिरा पेटते, तसंच. ज्वलन थोडं मंदावतं, दाब थोडा कमी चढतो, गोळी थोडी हळू निघते आणि लांबवर गेल्यावर खाली लागते. उन्हाळ्यात उलटं: दाब जास्त चढतो, आणि भरणाऱ्याने आधीच कमाल मर्यादेपर्यंत दारू भरली असेल तर नळी आत अडकून बसते किंवा त्याहून वाईट काहीतरी होतं. काही कंपन्या आता तापमानाला कमी दाद देणाऱ्या दारू बनवतात. फरक कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणजे त्या दाढीवाल्याची चूक काय? त्याने काडतूस भरलं आणि तपासलं एका हवेत, उडवलं दुसऱ्याच हवेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही चूक आपल्या भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उलट्या बाजूने झालेली आहे. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्डाइट नावाची दारू तयार झाली. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि ५ टक्के व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली, ते मिश्रण शेवयांसारखं दाबून काढायचं. मोठ्या शिकारीच्या रायफली लवकरच कॉर्डाइटवर आल्या. भरलेल्या इंग्लंडच्या हवेत, उडवायच्या मध्य प्रांताच्या उन्हात. आपला जिल्हा तेव्हा 'चांदा' होता आणि मध्य प्रांतात होता. मे महिन्यातला चांदा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. दाब एवढा चढायचा की उडालेली नळी रायफलीतून निघता निघायची नाही, आणि समोर जखमी जनावर. शेवटी काडतूसवाल्यांनी उष्ण प्रदेशांसाठी कमी दारू भरलेल्या वेगळ्या पेट्या काढल्या.

त्या काळाबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली हे उत्तम झालं. आज आपल्याकडे हौसेने काडतुसं भरणारा शिकारी नाही. भरमार बंदुका मात्र होत्या आणि काही ठिकाणी अजून आहेत. नावातच कृती आहे, नळीच्या तोंडातून भर आणि मार. गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. भरमारीतल्या काळ्या दारूला थंडीचं फारसं काही वाटत नाही, तिचं वैर ओलीशी. थंडीतलं दव तिला पुरेसं असतं. पण त्या विषयात मी शिरणार नाही. ज्याच्यामुळे ती भरायची गरज पडावी असं काही आता उरलेलं नाही.

मग आपल्या जंगलात आज हाताने भरून, कायद्याने, जनावरावर उडवली जाणारी एकच गोष्ट राहते. भुलीचा डार्ट.

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढे सुई, मागे रंगीत शेपटी, म्हणजे पडल्यावर गवतात सापडावा. मधल्या प्लास्टिकच्या नळीचे दोन कप्पे असतात आणि त्यांच्या मध्ये रबरी दट्ट्या. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबाने भरलेली हवा. सुईचं टोक बंद असतं, भोकं बाजूला असतात आणि त्यांच्यावर सिलिकॉनची छोटी बाही चढवलेली असते. डार्ट कातडीत घुसला की बाही मागे सरकते, भोकं उघडतात, मागची हवा दट्ट्या ढकलते आणि औषध स्नायूत जातं. हे सगळं एखाद-दोन सेकंदांत व्हायला हवं. डार्ट उडवणाऱ्या बंदुकीत दारू नसते (काही जुन्या पद्धतीच्या बंदुकांत छोटं कोरं काडतूस असतं). तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब वापरतात. ही कल्पना ज्यांच्या नावावर सांगितली जाते त्यांतला एक न्यूझीलंडचा कॉलिन मर्डॉक, फार्मासिस्ट आणि पशुवैद्यकही. डिस्पोजेबल सिरिंजही त्याचीच. माणूस एकाच गोष्टीच्या मागे लागला होता असं दिसतं, फक्त एक सिरिंज हातात राहिली आणि दुसरी उडाली.

डार्ट कारखान्यातून भरून येत नाही. पशुवैद्यकीय अधिकारी जनावराचं वजन नजरेने ठरवतात, त्यावरून मात्रा काढतात, औषध भरतात, मागे हवा भरतात, बाही तपासतात. वाघ-बिबट्यासाठी आपल्याकडे झायलाझिन आणि केटामिन ही जोडी वापरतात. तिचं एक तयार प्रमाण जगभर 'हेलाब्रुन मिश्रण' म्हणून ओळखलं जातं, म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या नावावरून. झायलाझिनची कोरडी पूड केटामिनच्याच द्रावणात विरघळवायची, म्हणजे थोड्या द्रवात जास्त औषध बसतं. डार्ट हलका राहतो. आणि हे सगळं मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश आल्यावरच. वाघ अनुसूची एकमध्ये आहे.

आता मी या भानगडीत कशी पडले ते सांगते. गेल्या काही वर्षांत ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, वडसा या पट्ट्यात वाघ राखीव क्षेत्राबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या जंगलात राहतायत हे तुम्ही वाचलेलं आहेच. एका हिवाळ्यात मी घरी आले असताना जवळच्या गावाच्या नाल्यात, बेशरमाच्या झुडपात एक तरुण वाघ येऊन बसला. गावाचं नाव लिहीत नाही. धान कापून झालं होतं, बांध्यांत लाखोळी उगवली होती. रात्रभर गावाने शेकोट्या पेटवून जागल केली. पहाटे वनविभागाची गाडी आली, दोरी बांधली गेली आणि आम्ही सगळे दोरीमागे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. डार्ट बसला. मला लांबून गुलाबी शेपटी दिसलीही. वाघ उठला, पन्नास-साठ पावलं गेला आणि बसला. सगळे श्वास रोखून. वीस मिनिटांनी तो पुन्हा उठला, झिंगलेल्या माणसासारखा चालत गावाच्या दिशेने निघाला आणि दोरीमागची तीनशे माणसं एकदम मागे सरकली. त्या रेटारेटीत एक म्हातारी पडली, तिचा हात मोडला. वाघाला दुसरा डार्ट बसायला आणखी दीड तास गेला.

पहिला डार्ट नंतर नाल्यात सापडला. त्यात पाव भाग औषध तसंच होतं. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी म्हणाला, "थंडीनं गोठलं असंन."

गोठलं नव्हतं. त्या द्रावणाला गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास, फार तर त्याच्या थोडा खाली जातो. पण थंडीचा काहीच हात नव्हता असंही मला वाटेना. घरी येऊन मी हिशोब मांडला. भौतिकशास्त्रवाल्यांची ही वाईट सवय आहे.

पहिला संशयित बंदूक. कार्बन डायऑक्साइड छोट्या डबीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर चालतो: ३० अंशांना सुमारे ७२ बार, १० अंशांना सुमारे ४५. (दाबाच्या एककाचं नाव 'बार' आहे. बंदुकीच्या लेखात हे नाव यावं हा योगायोग, मी काही केलेलं नाही.) केवढा फरक! पण थांबा. वाघावर डार्ट मारताना बंदुकीच्या कप्प्यात लागतो आठ-दहा बारच्या घरातला दाब, अंतराप्रमाणे कमीजास्त, आणि तो मारणारा माणूस काट्यावर बघून स्वतः ठेवतो. डबीत ४५ असो की ७२, दोन्ही भरपूर. थंडीचा मोठा दिसणारा परिणाम इथे व्हॉल्व्हवरच थांबतो.

छोटा परिणाम मात्र निसटून आत येतो. समजा गरम गाडीत, २५ अंशांत, काटा ९ वर ठेवला आणि मग बाहेर १० अंशांत अर्धा तास दबा धरून बसलात. बंद कप्प्यातला गॅस आकसतो आणि काटा साडेआठच्या जवळ येतो. वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो असं ढोबळमानाने धरू. ताशी नव्हे, सेकंदाला ६० मीटर जाणारा डार्ट मग ५८ च्या थोडा वर जाईल. तीस मीटरवर पोचेपर्यंत साठवाला डार्ट सव्वा मीटर खाली येतो. हे पडणं दुर्बिणीत धरलेलंच असतं. मंद डार्ट त्याहून सात सेंटीमीटर जास्त पडतो, म्हणजे चार बोटं. वेग ५५ वर आला असता तर वीतभर. चार बोटांनी वाघाची मांडी चुकत नाही. वीतभराने चुकते, आणि खाली पोट असतं.

उलटही होतं. डबीतून कप्प्यात येताना गॅस पसरतो आणि गार होतो. काटा ठेवल्यावर मिनिटाभरात तो गॅस पुन्हा कोमट होतो आणि काटा वर सरकतो. म्हणून ट्रिगरला बोट लावायच्या आधी काटा पुन्हा बघायचा. अनुभवी लोक बघतातच. त्या दिवशी डार्ट मांडीवर नीट लागला होता, तेव्हा बंदूक निर्दोष.

दुसरा संशयित डार्टचा मागचा कप्पा. आणि इथे गोष्ट मजेदार होते.

आपल्याकडे हिवाळ्यात दिवस-रात्रीचा फरक दांडगा. दुपारी तीसच्या जवळ, पहाटे दहा. दुपारी ३० अंशांत मागे २ बार हवा भरली (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा २ जास्त), तर पहाटे १० अंशांना ती १.८ राहते. दहा टक्के गेले. काही प्रकारच्या डार्टमध्ये हवेऐवजी ब्यूटेन भरता येतो, तोच जो लायटरमध्ये असतो. शुद्ध ब्यूटेन ३० अंशांना बाहेरच्यापेक्षा साधारण १.८ बार जास्त दाब देतो आणि १० अंशांना फक्त अर्धा बार. शून्याला जवळजवळ काहीच नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदूच तिथे आहे. विश्वास बसत नसेल तर पारदर्शक लायटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पेटवून बघा. मी होस्टेलवर केलं, ज्योत कशीबशी नखाएवढी आली. मग ब्यूटेन कोणी वापरेलच का? कारण त्याचा एक मोठा गुण आहे: दट्ट्या पुढे सरकत गेला तरी द्रवाची वाफ होत राहते आणि दाब टिकतो. हवेचं तसं नाही. हवा पसरली की दाब उतरतो. शाळेतला बॉईलचा नियम.

तो नियम इथे लावून बघा. मागच्या कप्प्यात ३ मिली हवा आणि पुढे ३ मिली औषध धरू. औषध पूर्ण बाहेर पडेपर्यंत हवेला दुप्पट जागेत पसरायचं आहे, म्हणजे तिचा एकूण दाब निम्मा होणार. २ बार जास्त, म्हणजे बाहेरची हवा मिळवून एकूण ३. शेवटी एकूण दीड. बाहेरच्यापेक्षा अर्धा बार अजून शिल्लक, दट्ट्या शेवटपर्यंत जातो. थंडीतली १.८ वाली हवा शेवटी ०.४ शिल्लक ठेवते. तीही जाते. (म्हणजे दहा अंशांना हवा आणि ब्यूटेन यांचा शेवट जवळपास सारखाच, ब्यूटेन फक्त सुरुवातीपासून ढिम्म.) थंडी एकटी दट्ट्या अडवत नाही.

पण मुळात दाब १ बारच असेल तर? औषध संपता संपता एकूण दाब बाहेरच्या हवेएवढा होतो आणि जोर संपतो. दाब पाऊण बार असेल तर हिशोब असा येतो की तीनपैकी सव्वादोन मिली जाईल आणि दट्ट्या थांबेल. पाऊण बारला पाऊण औषध. रबराचं घर्षण धरलं तर त्याहूनही कमी.

पाव भाग उरला होता, आठवतंय ना?

म्हणजे त्या डार्टमध्ये पहाटे पाऊण-एक बारच दाब राहिला असावा. थंडीने दोनाचे १.८ केले असतील. बाकीचा बार गेला कुठे? मी डॉक्टरांना भेटायला गेले. कागद पुढे केला. त्यांनी हिशोब शांतपणे बघितला आणि विचारलं, "मॅडम, डार्ट कधी भरला होता ते विचारलंत का?"

आदेश संध्याकाळी येईल अशा अपेक्षेने डार्ट दुपारीच भरला होता. आदेश रात्री आला, अंधारात मारता येत नाही, म्हणून पहाट उजाडली. सोळा तास. सिलिकॉनच्या बाहीतून, दट्ट्याच्या कडेने, मागच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू झिरपते. सायकलच्या ट्यूबमधून झिरपते तशीच. शिवाय रबर प्लास्टिकला टेकून जितका वेळ बसतं तितकं चिकटतं आणि सुटायला जास्त धक्का मागतं. त्यात पहाटेची थंडी. एकेकटं कारण घेतलं तर कोणीच पुरेसं नाही, सगळी मिळून पाव मात्रा आत राहिली. काडतूसवाल्या दाढीवाल्याची आणि आपली गोष्ट इथे एक झाली: भरला दुपारच्या हवेत, उडवला दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या हवेत, आणि मधे कोणी काटा बघितला नाही. डार्टला काटा नसतोच.

यात माझ्या विषयाचाही एक छोटा वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी १० अंशांना ३० अंशांपेक्षा साधारण दीडपटीहून जास्त दाट असतं. दाट म्हणजे जड नाही, वाहायला आळशी. बारीक सुईतून तेवढंच पाणी तेवढ्याच दाबाने ढकलायला तेवढा जास्त वेळ लागतो. डार्टमधलं औषध पाण्यातलंच द्रावण, त्याचंही तेच. दाब कमी आणि द्रव आळशी, तर एका सेकंदाचं काम दोन-तीन सेकंदांचं होतं. वाघ तेवढा वेळ देत नाही. डार्ट बसला की तो उसळतो, वळून चावतो, झुडपात घासतो. डार्ट उपटून पडला की पुढचं औषध जमिनीवर.

पाऊण मात्रेने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पूर्ण मात्रा मिळालेला वाघ दहा-पंधरा मिनिटांत आडवा होतो. कमी मात्रा मिळालेला झिंगतो, पण घाबरलेला असतो. भीतीने त्याच्या रक्तात जे काही उसळतं ते भुलीशी भांडत राहतं. आडवा झाला तरी आवाजाने किंवा हात लागल्यावर उठू शकतो. किती औषध आत गेलं हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं, कारण डार्ट वाघाबरोबर झुडपात गेलेला असतो. मग दुसरा डार्ट किती मात्रेचा मारायचा? पूर्ण मारला आणि पहिलं सगळं गेलेलं असेल तर श्वास मंदावून वाघ दगावू शकतो. कमी मारला तर पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, पहिला डार्ट पूर्ण चुकला तर त्यांना एवढी काळजी वाटत नाही जेवढी अर्धवट बसलेल्याची वाटते.

आणि भोवती माणसं असतात. वडसा वनक्षेत्रात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सीटी-१ नावाचा वाघ भूल देऊन पकडला, तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून १३ माणसांचे जीव त्याच्या नावावर होते. अशा वाघाला पकडताना गावाला 'थांबा, दाब तपासतोय' म्हणून सांगणं सोपं नसतं. शेजारच्या यवतमाळात, पांढरकवड्याच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ वाघीण, जिला सगळे अवनी म्हणतात, गोळीने मेली. त्या प्रकरणात तिच्या अंगावरच्या डार्टवरून किती प्रश्न उठले हे तुम्हाला आठवत असेल. तिथलं खरंखोटं ठरवायची माझी पात्रता नाही. पण डार्ट कोणी भरला, कधी भरला, त्यातलं किती औषध आत गेलं, या गोष्टी लिहून ठेवलेल्या असणं किती महत्त्वाचं आहे ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळतंय.

थंडीबद्दल एवढं लिहिलं, पण डॉक्टरांचं म्हणणं की आपल्या जिल्ह्यात खरा शत्रू उन्हाळा. झायलाझिन वाघाची स्वतःचं तापमान सांभाळायची यंत्रणाच ढिली करतं. ब्रह्मपुरीच्या ४५-४६ अंशांत भूल दिलेला वाघ तापत जातो. ४१ च्या वर गेला की जीवावर बेततं, म्हणून पाण्याच्या कॅनांची रांग लागते. हिवाळ्यात उलट पांघरूण लागतं, पण पांघरूण घालणं सोपं आहे. आणि गॅसचं एक: कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडच्या जीपमध्ये पडलेल्या डबीत तो ना धड द्रव, ना धड वायू, आणि दाब भलताच. डब्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एवढं तरी कुणाला सांगायचं असेल तर सांगा.

मग थंडीत करायचं काय? मी कागदावर चार उपाय लिहून नेले होते, त्यातले तीन डॉक्टर आधीपासून करत होते. औषध आधी भरून ठेवलं तरी मागची हवा शेवटच्या अर्ध्या तासात, त्याच जागी, त्याच थंडीत भरायची. भरलेला डार्ट टोपण लावलेल्या जाड नळीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा. नळीशिवाय अजिबात नाही, त्यातलं औषध माणसालाही आडवं करतं. दट्ट्याला सिलिकॉन तेलाचा हात. त्या दिवशी हे सगळं का झालं नाही, तर डार्ट भरून ठेवणारा आणि मारणारा वेगळा होता आणि रात्रीत ड्यूटी बदलली. साधं कारण होतं.

चौथा उपाय मात्र त्यांना आवडला. एकाच दिवशी, एकाच दाबाने तीन डार्ट रंगीत पाण्याने भरायचे. एक लगेच, एक आठ तासांनी, एक सोळा तासांनी, पहाटेच्या थंडीत थर्माकोलच्या ठोकळ्यावर मारायचे आणि किती पाणी उरलं ते मोजायचं. डार्ट वापरून वापरून जुने होतात, प्रत्येकाची गळती वेगळी असते, त्यामुळे माझा कागदावरचा हिशोब तुमच्या डार्टला लागू होईलच असं नाही. ठोकळ्यावरचा होईल.

पहिली चाचणी आम्ही वनविभागाच्या आवारात पहाटे साडेपाचला केली. भाऊही आला होता, स्वेटरवर स्वेटर घालून. सोळा तासांचा डार्ट ठोकळ्यात बसला, त्याने जाऊन उपसला, उजेडात धरला आणि आत उरलेलं निळं पाणी मला दाखवलं. "ताई," म्हणाला, "याले थंडी कमी अन् शिळेपण जास्त वाजलं."

आता डॉक्टरांच्या पेटीत प्रत्येक नळीवर चिकटपट्टीची एक पट्टी आहे. तीवर औषध भरल्याची वेळ, हवा भरल्याची वेळ आणि त्या वेळचं तापमान पेनाने लिहिलेलं असतं. थर्मामीटर पन्नास रुपयांचा, माशांच्या टाकीत लावतात तो.